सिमेंट भरायची राहिलेली विहीर

कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधण्याचा नियम असूनही वणीच्या रस्त्यांवर ती बांधली जात नाही, या विषयावरील आणखी एका अर्जाचा मसुदा मी लिहीत होतो. ‘यापूर्वी अनेकदा निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे’ या शब्दांपर्यंत आलो असताना शांतावहिनींचा फोन आला. ‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘तुमचे दोस्त गेले.’ मी विचारले, ‘कुठे?’ माझ्या तोंडून तो शब्द कसा निघाला हे मला सांगता येणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी तर मी त्याच्याशी भांडून आलो होतो, आणि ज्याच्याशी भांडण अर्धे राहिले आहे असा माणूस कुठेतरी बाहेर गेला असेल एवढेच मनाला सुचत होते. वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘इथंच हायेत... घरीच. तुमी या.’

उत्तम आडे याला जाऊन आता काही आठवडे झाले. पुसदकडच्या एका तांड्यावर तो जन्मला. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आजोबा शेतीत स्थिरावले. आणि हा रसायनशास्त्र शिकून गुजरातेतल्या तेलक्षेत्रात गेला. आमची ओळख पुसदच्या वसतिगृहातली. तिथल्या वरणात डाळ शोधावी लागते, अशी लेखी तक्रार मी अधीक्षकांकडे केली होती आणि सह्यांसाठी कागद घेऊन खोल्या हिंडत होतो. बाकीचे चाचरत होते. उत्तम म्हणाला, ‘पयले जेवून घेऊ, मंग सही करतो. उपाशी पोटी अक्षर बिघडते.’ त्याने सही केली, आणि त्या दिवसापासून मला ‘वकील’ म्हणायला लागला. पुढे मी खरोखरच वकील झालो, पण सनद त्याने आधीच देऊन ठेवली होती असे मी मानतो.

नोकरीची सगळी वर्षे तो तिकडे आणि मी इकडे. निवृत्तीनंतर तो वणीला येऊन राहिला, कारण वहिनींचे माहेर मारेगावजवळच्या तांड्यावर, आणि कारण (हे तो चारचौघांत सांगायचा) ‘वकिलाच्या तब्येतीले कोणीतरी हसणारं माणूस जवळ पाहिजे.’ त्याचे घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. येताना त्याने संसार थोडा आणि काचेच्या नळ्या फार आणल्या होत्या. मागच्या खोलीत फळीवर त्या नळ्यांची रांग लागली. प्रत्येकीत थोडे खारे पाणी, थोडे काळे खनिज तेल आणि त्याने तयार केलेले एखादे द्रावण. नळी एकदा हलवून ठेवली की दिवसच्या दिवस तिला हात लावायचा नाही. त्या घरात दार आपटायला बंदी होती, मिक्सर अंगणात नेऊन चालवावा लागे, आणि खिडकी उघडायची तर ओला पडदा लावूनच, नाहीतर कोळशाची धूळ आत येऊन नळ्यांच्या तोंडाशी बसे. ट्रकांविरुद्धच्या माझ्या अर्जांना त्याने मनापासून पाठिंबा दिला तो एवढ्याच कारणाने.

जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात नळी घातली की तेल वर येते, अशी माझी समजूत होती. शिकलेल्या माणसांपैकी बहुतेकांची तशीच असते, असे तोच मला धीर देत म्हणाला. मग त्याने सांगितले की खाली असतो तो रेतीचा दगड. त्याच्या कणाकणांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींत तेल चिकटून बसलेले असते. सुरुवातीला ते आपल्या दाबाने वर येते, पुढे पाणी ढकलून काढावे लागते, आणि एक दिवस असा येतो की पाणी ढकलले की नुसते पाणीच परत येते. तेल संपलेले नसते. अर्ध्याहून अधिक अजून खालीच असते, पण जागा सोडत नाही. मला ते पटेना. मी म्हणालो, एवढे पाणी ढकलूनही कसे सोडत नाही? त्यावर तो जे बोलला ते आमच्या वकील मंडळींत मी पुढे अनेकांना ऐकवले.

‘हे पाय वकील, तेलाचा त्या दगडावर कब्जा हाये. करोडो वरसांची वहिवाट हाये. पाणी म्हंजे तुही नोटीस. आता तूच सांग, नुसत्या नोटिशीनं आजपर्यंत कोणी जागा सोडली काय?’

‘मग दावा लावायचा,’ मी म्हणालो.

‘दाव्यानं दगड फुटते. मधात एक माणूस लागते, ज्याचं दोघायसोबतबी जमते. एक हात पाण्याच्या खांद्यावर, एक हात तेलाच्या. तो मधात आला का तेलाची पकड ढिली होते अन् ते आपल्या पायानं चालत बाहेर येते.’

तो मधला माणूस म्हणजे सर्फॅक्टंट. आपल्या घरातला साबण त्याच कुळातला. त्याच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याशी जवळीक करते आणि दुसरे तेलाशी. पण घरचा साबण तेलविहिरीच्या खाऱ्या पाण्यात दह्यासारखा फाटतो. खाऱ्या पाण्यात, खालच्या उष्णतेत टिकेल आणि पाणी व तेल यांच्यामध्ये दोघांनाही सामावणारा तिसरा पातळ थर तयार करील असे द्रावण शोधणे, यात उत्तमची नोकरीची सगळी वर्षे गेली. अशी द्रावणे जगात आहेत. ती बाहेरून आणावी लागतात आणि महाग पडतात. तेलाचा बाजारभाव उतरला की त्याचा प्रस्ताव कपाटात जाई, आणि भाव चढला की साहेब बदललेले असत. या प्रकाराबद्दल मी त्याला अनेक तरतुदी सुचवल्या होत्या. त्याने एकही वापरली नाही, याचा मला तेव्हा संताप येई.

मारेगावच्या बाजूला मोहाची झाडे भरपूर. फुलांचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. बियांचे तेल निघते हे अलीकडे विसरत चालले आहेत. शांतावहिनींच्या माहेरी ते दिव्याला आणि टाचांच्या भेगांना वापरत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात उत्तमच्या डोक्यात आले की आपले द्रावण या तेलापासून करून पाहावे. घरभर तो उग्र वास पसरला. वहिनींनी नाकाला पदर लावला आणि स्वयंपाकघराची अर्धी जागा त्याला दिली. ‘कंपनीत होते तवा निदान घासलेटाच्या वासाचे कपडे घेऊन घरी येत,’ त्या मला म्हणाल्या, ‘आता कंपनीच घरी आली.’ किती नळ्या फुटल्या, किती द्रावणे फाटली, त्याची गणना त्यानेही ठेवली नसावी. पण एका दुपारी त्याने मला निरोप पाठवून बोलावले, दाराशीच चपला काढायला लावल्या आणि बोट दाखवले. वर काळे तेल, खाली पाणी, आणि मध्ये मधासारख्या रंगाचा तिसरा थर. तो नळीकडे पाहत होता आणि वहिनी त्याच्याकडे. मला त्या थरात फारसे काही कळले नाही. पण ज्याची वाट माणूस आयुष्यभर पाहतो ते समोर आल्यावर तो त्याच्याकडे कसा पाहतो, ते कळले.

आता त्याला एकच हवे होते. मरण्याआधी एकदा हे द्रावण खरोखरच्या विहिरीत उतरलेले पाहायचे होते. हे तो थट्टेत म्हणत नव्हता. त्याच्या मूत्रपिंडांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. त्याच्या हाताखाली तयार झालेला परमार नावाचा अभियंता आता त्या तेलक्षेत्रात अधिकारी होता. त्याने सांगितले की पाण्याखेरीज काहीच देत नसलेली एक जुनी विहीर सिमेंट भरून कायमची बंद व्हायची आहे. तिच्यावर प्रयोग करता येईल. द्रावण खाली सोडायचे, विहीर बंद ठेवून ते दगडात मुरू द्यायचे आणि मग पंप पुन्हा चालवून पाहायचा. परमारने तसा प्रयोग मंजूरही करून घेतला. मग खरेदी विभागाचे पत्र आले. कोणतेही रसायन घ्यायचे तर ‘सदर रसायनाच्या पुरवठ्याचा पूर्वानुभव’ असणारा पुरवठादार लागतो, असे त्यात लिहिले होते. जी वस्तू आजवर जगात कुणी कुणाला पुरवलेली नाही, तिच्या पुरवठ्याचा पूर्वानुभव मागणाऱ्या त्या सही करणाऱ्या हाताबद्दल मला जे वाटले ते मी त्याच दुपारी चार पाने लिहून काढले.

उत्तमने ती पाने वाचली, पेन्सिल मागितली आणि एकेक विशेषण खोडायला लागला. ‘विवेकशून्य’ गेले, ‘निर्लज्ज’ गेले, ‘मठ्ठ’ गेले तेव्हा मी हात धरला.

‘ते राहू दे. ते सत्य आहे.’

‘सत्य हाये म्हणून तर काढून राह्यलो. ज्याच्या हातात विहिरीची चावी हाये त्याले कायले डिवचतं? तुले केस जिंकायची हाये का मले द्रावण सोडायचं हाये?’

खोडून झाल्यावर चार पानांचे पाऊण पान राहिले. पण त्यात एकच मुद्दा उघडा पडून दिसू लागला, जो माझ्या रागाने मलाच दिसू दिला नव्हता. उत्तम द्रावण विनामूल्य देणार होता. जे विनामूल्य दिले जाते ती खरेदी नव्हे. जिथे खरेदी नाही तिथे खरेदीचे नियम लागू होत नाहीत. त्या पाऊण पानाला होकार आला. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात इतक्या लवकर आलेला होकार मला आठवत नाही, आणि त्याचे श्रेय मी माझ्याकडे घेऊ शकत नाही.

नळीतल्या थेंबांवरून पिंपांवर जायचे तर तेल भरपूर हवे होते. मारेगावात रज्जाकभाई घाणीवाले आहेत. त्यांनी बियांचे तेल गाळून दिले. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका साबण कारखान्याने आपली भट्टी वापरू दिली. पिंपे भरली. पाठवण्यापूर्वी उत्तमने सवयीप्रमाणे त्यातले थोडे नळ्यांत घालून फळीवर ठेवले. तिसरा थर आला नाही. पुन्हा केले, तरी नाही. खाऱ्या पाण्यात ते ढगाळ होऊन तळाशी बसले. परमारने ठरवून दिलेला आठवडा निघून गेला, आणि तिकडे त्या विहिरीत सिमेंट भरण्याची तयारी सुरू झाल्याचे कळले. उत्तमचा चेहरा मी आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी उतरलेला पाहिला. आपल्या सूत्रातच चूक आहे, पहिला थर हा योगायोग होता, असे तो मानू लागला होता.

तरी तो म्हणाला, एकदा नवे तेल आणून बघू. मी सोबत गेलो. रज्जाकभाईंनी खुर्च्या टाकल्या, चहा मागवला आणि आपण होऊन विषय काढला. ‘साहेब, मागच्या खेपेचं तेल कसं होतं? एक नंबर नं?’

‘एक नंबर म्हंजे?’ उत्तमने विचारले.

‘म्हंजे म्या आर्धं सरकीचं तेल टाकलं त्याच्यात. घरी खातो ते. एवढे मोठे साहेब, जिंदगी कंपनीत काढली, अन् असं वासाचं तेल नेऊन राह्यले... मले काही बरं नाही वाटलं. तुमाले पत्ताबी लागू देला नाही.’

मी उभा राहिलो. भेसळ, फसवणूक, करारभंग, यांतले आधी काय उच्चारावे एवढेच ठरायचे होते. तेवढ्यात उत्तम हसायला लागला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, चहा सांडला, आणि रज्जाकभाई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ‘रज्जाकभाई,’ श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, ‘तुमची माया खाऱ्या पाण्यात फाटली नं भाऊ. मले वासाचंच पाहिजे. जेवढा वास मारते तेवढं चांगलं.’ सूत्र बरोबर होते, मोह बरोबर होता, याचा तो आनंद होता हे मला उशिरा उमगले. रज्जाकभाईंना ते कळायचे कारणच नव्हते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमी काहून तपून राह्यले वकीलसाहेब? तुमच्या घरच्या तेलात तर म्या कदीच काही टाकलं नाही.’

परतताना मी उत्तमला सुनावले. विहीर हातची गेली आणि तू हसतोस कसा? या माणसाला निदान एक नोटीस तरी पाठवायला हवी. गाडीच्या खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, ‘जनमभर मले कमी देणारेच भेटले, वकील. जास्त देऊन बिघडवणारा हा पयलाच हाये. त्याले नोटीस कोन्या तोंडानं देऊ?’ मी ते वाक्य खोडू शकलो नाही. आजही खोडू शकत नाही.

विहीर वाचवण्याचे काम मात्र माझ्याकडे होते. घरी येऊन मी पत्र लिहिले, आणि लिहितानाच विशेषणे गाळली. मंजुरी प्रयोगाला होती, आठवड्याला नव्हती. प्रयोग अद्याप झालेला नाही, म्हणून मंजुरी अद्याप जिवंत आहे. आणि जिवंत मंजुरी असताना विहिरीत सिमेंट भरणे म्हणजे कंपनीने आपलाच आदेश मोडणे होय. एवढेच लिहिले. माझी जन्मभराची बहुतेक पत्रे काही ना काही बंद पाडण्यासाठी होती. काही चालू राहावे म्हणून लिहिलेले हे पहिलेच. सिमेंट थांबले. नवी पिंपे गेली, वासासकट.

उत्तमला जाता आले नाही. तोवर त्याचे डायलिसिस सुरू झाले होते. विहीर उघडली त्या दिवशी तो यवतमाळच्या दवाखान्यात यंत्राला जोडलेला होता, मी बाजूच्या स्टुलावर, वहिनी पायाशी. परमारचा फोन आला तो दुपारी. आधी नुसते पाणी आले, म्हणाला, मग फेस, मग तपकिरी, आणि आता नमुन्याची बरणी काळी आहे, सर. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. उत्तमने मात्र विचारले, ‘पाण्याचा खारेपणा किती?’ उत्तर ऐकले, मान हलवली, ‘किती दिवस टिकते ते पाहू. गाजावाजा करू नका,’ म्हणाला आणि डोळे मिटले. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते ते परिचारिकेने येऊन पुसले आणि विचारले, ‘काका, दुखतंय का?’ तो म्हणाला, ‘नाही वो बाई... निघालं.’

ती विहीर काही वाहत्या झऱ्यासारखी झाली नाही. थोडे तेल देत राहिली, पण सिमेंटच्या यादीतून तिचे नाव निघाले, आणि शेजारच्या विहिरीवर तोच प्रयोग करण्याचे ठरले. शेवटच्या संध्याकाळी आमचे भांडण झाले ते यावरूनच. मी म्हणत होतो, कागदावर तुझे नाव लागले पाहिजे, मी अर्ज करतो. तो म्हणत होता, नाव लागले की समित्या बसतील आणि दुसरी विहीर खोळंबेल. ‘थोडा दम काढ नं वकील,’ हे त्याचे मला म्हटलेले शेवटचे शब्द. मी दम काढला नाही, तरातरा निघून आलो. दार मात्र त्याही दिवशी आपटले नाही, कारण नळ्या फळीवर होत्या.

दिवसकार्य झाल्यानंतर वहिनींनी मला बोलावले. मला वाटले, पेन्शनचे कागद असतील. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, ती विहीर पाहाले भेटते काय? इतके वरसं घरात तो वास सयला. कोठी गेलं ते एकडाव पाहू द्या.’ तेलक्षेत्र हे प्रतिबंधित क्षेत्र. बाहेरच्यांना प्रवेश नाही. मी अर्ज केला. नकार आला. पुन्हा अर्ज केला आणि त्यात एकच वाक्य ठेवले: अर्जदार या बाहेरच्या व्यक्ती नसून या विहिरीत सोडलेले द्रावण पहिल्यांदा त्यांच्याच स्वयंपाकघरात तयार झाले आहे. परवानगी आली.

परवा आम्ही जाऊन आलो. सपाट शेतांच्या मध्ये कुंपण, आत एक लोखंडी पंप मान खालीवर करत होता. परमारने वहिनींच्या पदरावर पिवळे हेल्मेट चढवले. ते त्यांना मोठे होत होते, म्हणून त्या एका हाताने धरून चालत होत्या. परमारने सांगितले की सोडलेले सगळे द्रावण परत येत नाही, बराचसा भाग दगडच धरून ठेवतो, आणि मग तो कायम तिथेच राहतो. वहिनींनी विचारले, ‘म्हंजे अजून खालीच हाये?’ तो हो म्हणाला. त्यांनी पुढे होऊन विहिरीच्या तोंडाशी असलेल्या पाइपवर तळहात ठेवला. पाइप कोमट होता. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

पंपावरचा म्हातारा कामगार हे सगळे कुतूहलाने बघत होता. या बाई कोण, त्याला काही सांगितलेले नव्हते. वहिनी त्याला म्हणाल्या, ‘दादा, याच्यात आमच्या घरचं तेल हाये.’

तो हसला. ‘माँजी, यहाँ से तो तेल निकालते हैं. डालता कौन है?’

वहिनींनी हेल्मेट सावरले. उत्तम गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिले नव्हते, त्या हसल्या.

‘आमी टाकलं,’ त्या म्हणाल्या.